आबांची गोळी आणि बिरोबाची भाकणूक

गोळ्यांची एक्स्पायरी पाकिटावर छापलेली असते, किश्श्यांची नसते. त्यामुळे कुरकुंभच्या माझ्या मेडिकलमध्ये औषधांपेक्षा किस्सेच जास्त साठलेत. दुकानाबाहेरच्या बाकड्यावर रोज बसणाऱ्या मंडळींना बीपीची एकाच जातीची गोळी चालू आहे, नाडी संथ करणारी बीटा ब्लॉकर. बाकीच्यांचे किस्से हसण्यावारी गेले. आबांचा मात्र जिवावर बेतणार होता.

* * *

मामा एमआयडीसीत बॉयलरवर आहेत. एकदा बाकड्यावरून उठले आणि चक्कर येऊन पुन्हा खाली बसले. विचारलं तर म्हणाले, "काल गोळी ऱ्हायली, म्हणून आज दोन घेतल्या. शिफ्ट बुडली की डबल करतोच की आपण."

"मामा, गोळीला डबल शिफ्ट नसते. राहिली तर राहिली, पुढची वेळेवर घ्यायची." तेवढं बोलून मी त्यांना आधी दवाखान्यात पाठवलं.

* * *

भांडगावच्या काकू शेवंती लावतात. एकदा जास्तीची स्ट्रिप मागायला लागल्या. कुणासाठी? तर विहीणबाईंसाठी! आहेराच्या पिशवीत साडीसोबत ठेवायची होती.

"त्यांना दम्याचा त्रास आहे का?"

"हाय की, पंप घेत्यात."

मी स्ट्रिप उचलून आत ठेवली. दम्याच्या माणसाला या गोळीने श्वास लागू शकतो. म्हटलं, "काकू, साडी तेवढी द्या."

* * *

टेम्पोवाल्या आप्पांना शुगरही आहे. साखर उतरली की त्यांची छाती धडधडायची, मग ते गूळ खायचे. परवा नुसता घाम सुटला, धडधड काही झालीच नाही. मी सांगितलं, ही गोळी धडधड दाबते, म्हणून घाम आला तरी लगेच साखर तपासायची.

आप्पा खिन्न होऊन म्हणाले, "म्हंजी हॉर्न काढून गाडी दिली की मला."

* * *

आता आबा. बिरोबाच्या जत्रेत आबांच्या अंगात देव येतो आणि ते पुढच्या वर्षाची भाकणूक सांगतात. पाऊस कसा, पीक कसं, सगळं. त्यांच्या वडिलांच्या अंगातही यायचा. जत्रा तोंडावर आली तेव्हा आबा हळू आवाजात म्हणाले, "ताई, गोळी चालू झाल्यापासनं छाती गप्प हाय. परवा ढोल वाजला, अंगात वारं काय आलं न्हाई. जत्रेपतुर गोळी बंद करतो."

मी हट्टाची बाई आहे. शटर ओढलं आणि आबांना घेऊन दौंडला डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरांनी नाडी बघितली, ईसीजी काढला. म्हणाले, "आबा, ही गोळी एकदम सोडली तर दाब उसळी मारतो. हार्ट अटॅकसुद्धा येऊ शकतो. कमी करायची वेळ आलीच तर मी करेन, तीही हळूहळू."

"आन् देव न्हाई आला तर?"

उत्तर मीच दिलं, "नाही आला तर पुढच्या वर्षी येईल. तुम्ही मात्र पुढच्या वर्षी असायला पाहिजे."

दुसऱ्या दिवशीपासून आबा रोज सकाळी नाश्ता करून दुकानात येऊ लागले आणि माझ्या डोळ्यांदेखत गोळी घेऊ लागले. गोळी गिळताना तोंड असं करायचे, की मलाच वाईट वाटायचं.

* * *

जत्रेच्या दिवशीही त्यांनी सकाळची गोळी घेतली. मी पिशवीत बीपीचं मशीन टाकून देवळापुढे उभी राहिले. ढोल सुरू झाले, भंडारा उधळला. आबा खांबाला टेकून नुसते बसलेले. ढोलकऱ्यांचे हात भरून आले, माणसं एकमेकांकडे बघायला लागली. आबांची मान खाली गेली तसं मला रडू यायला लागलं. यांच्यावर ही वेळ मी आणली, असं वाटलं.

आणि आबा थरथरले. खांब धरून, अगदी सावकाश उठले. ढोल थांबले. सगळं पटांगण कान देऊन ऐकायला लागलं.

"मिरगात पाणी लागंल. बाजरी पिकंल. कांद्याचं मला इचारू नका."

आबांनी दम घेतला. मग गर्दीवरून एकवार नजर फिरवली.

"आन् बीपीची गोळी ज्यानं आपल्या मनानं बंद केली, त्यानं माझ्या पायरीला नारळ घिऊन येऊ नये."