शेवटचं जहाज

वाळूजच्या कंपनीच्या बसमध्ये तो रोज माझ्या शेजारी बसायचा आणि मोबाइलवर एकच गेम खेळायचा. अंतराळात लढाई पेटलेली, निर्वासितांची जहाजं जीव घेऊन पळतायत. आपल्या लढाऊ यानानं शत्रूला अडवायचं आणि बहुतेक जहाजं पार झाली की आपणही निसटायचं. तो मात्र सगळ्यात रखडणाऱ्या जहाजामागंच थांबायचा आणि रोज हरायचा. बघून मलाच राग यायचा.

"अहो, एक जाऊ द्या की," मी एकदा वैतागून म्हणालो.

"आम्ही मेंढरंवाले," तो म्हणाला. "लंगडं मेंढरू मागं राहिलं, की आमचा माणूसबी मागंच चालतो. टाकून जात नाय."

मग तो पंधरा दिवस आलाच नाही. आला तेव्हा डोकं भादरलेलं होतं.

"वडील गेले," तो म्हणाला. "सोयगावकडं एकटेच राहत व्हते. आम्हाला दोन दिसांनी कळलं."

त्यानं गेम उघडला. शेवटचं जहाज तसंच मागं सोडून तो पहिल्यांदाच सरळ निसटला. पडद्यावर विजयाचे फटाके उडाले.

"टाकून जायला जमतं की मला," तो म्हणाला आणि त्यानं मोबाइल खिशात ठेवला.