पिवळ्या चष्म्यातनं पांढरं सूत

टॉवेलच्या मागावर नजरेच्या बाबतीत आपल्याला कुणी हरवलं न्हाई. हरवलं ते मीच मला, एका दुपारी, टॉवेलांचा अख्खा गठ्ठा बिघडवून.

माग चालू असला की आपलं काम म्हंजे नुसतं उभं ऱ्हाऊन बघायचं. धागा तुटला तर जोडायचा, कांडीवरचं सूत संपलं की दुसरी लावायची. मधी मोकळा वेळ घावला की मोबाईल. वाचता येत न्हाई, म्हणून नुसते व्हिडिओ. संध्याकाळपातूर डोळ्यात मिरची गेल्यावानी व्हायचं. शेजारच्या मागावरचा म्हणाला, "निळा उजेड बाधायलाय बे तुला. पिवळा चष्मा घे."

घेतला रस्त्यावरनं. रुबाब बी वाढला. पण पिवळ्या काचंतनं पांढरं सूत आन् फिक्कं पिवळं सूत एकच दिसतंय, हे मला मालकानं दाखवल्यावर कळलं. पांढऱ्या टॉवेलात मी पिवळ्या कांड्या घातल्या होत्या.

मालक म्हणाला, "डोळे दाखवून ये. तवर मागाला हात लावायचा न्हाई. घड्या घाल."

वीस वर्सं मागावर काढलेला मी बायकांत बसून घड्या घालाय लागलो. एकीनं टॉवेल पुढं धरून इचारलं, "काका, ह्यो कंच्या रंगाचा वो?" समद्या हसल्या. मला तर माग परत मिळतोय का न्हाई, ही धास्ती.

डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारून बघितलं. म्हणल्या, "मोबाईलच्या उजेडानं डोळे खराब झाले नाहीत. तुम्ही एकटक बघता, पापणी लवत नाही, म्हणून डोळे कोरडे पडतात."

"मग आता पापणी लववायची बी शिकू काय?"

"शिका. मोबाईल हातभर लांब धरा. दर वीस मिनिटांनी वीसेक फुटांवरचं काहीतरी वीस सेकंद बघत जा. झोपायच्या तासभर आधी मोबाईल ठेवून द्या, त्या उजेडानं झोप उडते. आणि वयानं जवळचा नंबर लागलाय. साध्या काचेचा चष्मा करा, हा पिवळा काढा."

नवा चष्मा घालून कारखान्यात गेलो. मालकानं दोन कांड्या पुढं धरल्या. मी बिनचूक सांगितलं, ही पांढरी, ही पिवळी. "घे तुजा माग," म्हणाला. मला लगीच जोर आला. म्हणलं, "बघा मालक, उजेडाचा दोष न्हवता. पापणीचा होता."

"पापणीचा बी न्हाई बे. माग सोडून मोबाईल बघायलास, त्येचा हाय. आण हिकडं त्यो. सुट्टी झाल्यावर घिऊन जा."