अण्णांची दोन पत्रं

अण्णांच्या हातचे दोन कागद बरीच वर्षं माझ्या कपाटात साड्यांच्या घडीखाली होते. एक मला लिहिलेलं पत्र आणि दुसरा हेडमास्तरांना दिलेला अर्ज. अण्णा अर्ज म्हणत नाहीत, दरखास्त म्हणतात. दोन्ही एकाच हिवाळ्यातले, मी नववीत होते तेव्हाचे.

आमचं घर ऊसतोडीचं. दिवाळी झाली की अण्णा आणि आई कारखान्याकडं जायचे आणि मी शाळेसाठी सोनपेठला आत्याकडं राहायचे. त्या वर्षी आई फडातच तापानं आडवी झाली आणि तिच्याजवळ थांबायला मला जावं लागलं. दीड महिन्यानं अण्णा मला परत घेऊन आले, तर हजेरी नाही म्हणून शाळा माझं नाव कमी करायला निघालेली. नाव कमी झालं असतं तर पुढच्या हंगामात माझ्या हातात कोयता आला असता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. "पालकाचा लेखी अर्ज आणा, मग बघू," हेडमास्तर म्हणाले.

अण्णा चौथी शिकलेले. मोठ्या माणसाला कसं लिहायचं ते त्यांनी एकाच ठिकाणी वाचलं होतं, लग्नपत्रिकेत. आत्याच्या घरी तारेत ओवून ठेवलेल्या पत्रिका त्यांनी खाली काढल्या, एकेक शब्द निवडून घेतला आणि दुपारभर बसून अर्ज लिहिला. तो असा:

"॥ श्री ॥ हेडमास्तर साहेब यांसी स.न.वि.वि. आमचे येथे श्रीकृपेकरून आमची ज्येष्ठ कन्या चि. सौ. कां. हिची मातोश्री आजारी पडल्यामुळे दीड महिना शाळेत उपस्थिती लाभली नाही. तरी सदर कन्येचे नाव कमी करू नये. समक्ष भेटीत बोलण्यात काही चूक झाल्यास हीच अगत्याची विनंती समजावी. आपले नम्र."

हेडमास्तरांनी तो शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. "अहो, लग्न पोरीचं आहे का शाळेचं?" असं त्यांनी विचारलं आणि खोली खो खो हसली. अण्णाही हात जोडून हसले. ते हसले नसते तर बरं झालं असतं, असं मला वाटलं आणि त्यांचाच राग आला. हसून झाल्यावर हेडमास्तरांनी अर्ज माझ्या हातात परत दिला आणि नाव राहू दिलं. चांगलं केलं, पण ते हसणं मी काही विसरले नाही.

दुसरं पत्र पंधरा दिवसांनी आलं. फडावरून गावाकडं येणाऱ्या एका ट्रॅक्टरवाल्याच्या हाती अण्णांनी ते पाठवलं होतं. त्यात ना श्री, ना कृपा. "शाळा बुडिवलीस तर तितं येऊन तंगडं मोडीन. आत्याला उलटं बोलू नको. तुजी आई आता बरी हाय, भाकरी खायलीय. हितं थंडी लय हाय. तू रडू नको." एवढंच. तो कागद मी किती वेळा नाकाशी धरला असेल, सांगता येत नाही.

पुढं मी शिक्षिका झाले. मुलांना जुन्या संस्कृती शिकवायच्या म्हणून इजिप्तवरचं एक पुस्तक आणलं आणि त्यात मला अण्णाच भेटले. चार हजार वर्षांपूर्वीचा एक शेतीवाला माणूस. कामासाठी घरापासून लांब राहिलेला. घरच्यांना लिहितो तेव्हा सरळ दरडावतो, शेताकडं नीट बघा, कामात कसूर करू नका, घरातल्या बाईमाणसाला नीट वागवा. तोच माणूस मोठ्या अधिकाऱ्याला लिहितो तेव्हा आधी देवांची नावं घेतो, आशीर्वाद मागतो, स्वतःला चाकर म्हणवतो. त्या पत्राचं अक्षरसुद्धा जास्त घोटीव. कोणाशी कसं बोलावं याची त्या काळच्या लोकांना किती जाण होती, म्हणून विद्वानांनी पानंच्या पानं लिहिलीत. ते अधिकाऱ्याचं पत्र त्यानं बहुधा लेखनिकाकडून लिहवून घेतलं असावं, असंही त्यात होतं.

मी पुस्तक मिटलं आणि एकटीच भांडायला लागले. त्यानं केलं तर अभ्यास, आणि माझ्या बापानं केलं तर हसायचं? माझ्या बापानं तर कुणाकडून लिहवूनही घेतलं नव्हतं.

आता दरवर्षी दिवाळीआधी आमच्या शाळेत तोडीला जाणाऱ्या पालकांची सभा असते. पोरांना सोबत नेऊ नका, इथं वसतिगृहात ठेवा, तसा अर्ज द्या, असं आम्ही सांगतो. पालक मान खाली घालून बसतात. गेल्या खेपेला मी ठरवलं, यांना अण्णांचे कागद वाचून दाखवायचे. अण्णा आता माझ्याकडंच असतात. त्यांना विचारलं तर ते उखडलेच.

"कामून? परत लोकांला मला हासायला लावायलीस का? फाडून टाक ती दरखास्त."

"अण्णा, ह्या खेपेला कुणी हसलं तर माझ्याशी गाठ आहे."

ते उठून बाहेर निघून गेले. पण सभेच्या दिवशी धुतलेलं धोतर नेसून माझ्या आधी दारात उभे होते.

मी आधी इजिप्तच्या माणसाची गोष्ट सांगितली, मग माझ्या बापाची. तंगडं मोडीन ऐकून बाया पदर तोंडाला लावून हसल्या, त्यांच्याही घरात हेच चालतं. मग अर्ज वाचला. श्रीकृपेकरून आलं तशी सगळी सभा हसली. मी अण्णांकडं बघितलंच नाही. पण "नाव कमी करू नये" इथवर आले तेव्हा खोलीत कुणी हसत नव्हतं. पुढच्या रांगेतली एक बाई, जिची पोरगी माझ्याच वर्गात आहे, तिनं हळूच विचारलं, "मंग? केलं का वो नाव कमी?"

मी उत्तर देणार, तेवढ्यात मागून अण्णा उठले.

"कमी केलं असतं," ते म्हणाले, "तर आज तुमाला वाचून कुणी दावलं असतं?"

ती बाई माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं हात पुढं केला आणि कोरा कागद मागितला. "मला पत्रिकेतलं बी येत न्हाई," ती म्हणाली, "आमच्यातलंच लिवलं तर चालंल का?" मी म्हटलं, चालंल.

सभा संपल्यावर मी कागद आवरायला लागले तर अण्णांनी माझ्या हातातली दरखास्त काढून घेतली. मला वाटलं आता फाडतात. त्यांनी तिची नीट घडी घातली, सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली आणि वरून हात फिरवला.

"तुजं पत्र तुज्यापशी ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "ही माजी हाय."