अंगठ्याला कळत होतं तोवर

पहिल्याच भेटीत पांचाळांनी माझ्या हातातली सुरी काढून घेतली. चंदीगडला बदली होऊन आम्हाला चारच दिवस झाले होते. मी घरामागच्या पायरीवर सुरी घासत बसले होते. शेजारच्या अंगणातून एक बुटके, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ आले, सुरी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "वैनी, ह्यानं कांदा चिरता का कांद्याची मान मुरगाळता?" संध्याकाळी सुरी परत आली, तेव्हा टोमॅटोवर नुसती टेकवली तरी टोमॅटो फाकत होता.

पांचाळ मूळचे इचलकरंजीचे. पिंजौरच्या बाजूला एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. बसने घरी आले की चहा, आणि चहा झाला की अंगणातलं मशीन. मशीन म्हणजे कबाड्याकडून आणलेली जुनी मोटर, दोन चाकं आणि त्यांवरून फिरणारा खरकागदाचा पट्टा. वेग एकच, टेकू नाही, मापाची पट्टी नाही. ट्रकच्या चाकांवरच्या मोडक्या कमानींच्या, म्हणजे स्प्रिंगपट्ट्यांच्या पोलादातून ते त्यावर सुऱ्या काढत. तिथल्या कुठल्याही मराठी घरात लग्न ठरलं की मुलीला पांचाळांची सुरी जायची.

मला प्रत्येक गोष्ट क्रमाने लिहून ठेवायची सवय. त्यांची पद्धतही मी वहीत उतरवून घेतली. "कागदाला धार येत न्हाई," ते म्हणाले, "पन लिवा." आधी पात्याच्या कडेवर मधोमध रेघ आखायची, म्हणजे दोन्ही बाजूंनी कुठे थांबायचं ते कळतं. पोलाद उतरवायला नवा, जाड दाण्याचा पट्टा लावायचा; झिजलेला पट्टा कापत नाही, नुसता तापवतो. आधी कड तिरकी मारून रेघेपर्यंत आणायची, मग तो उतार थोडा थोडा करत पात्याच्या पाठीकडे चढवायचा. कोपरं बरगड्यांना चिकटलेली हवीत. हात हलवायचा नाही, कमरेतून सगळं अंग सरकवायचं. एक फेरा या बाजूने, एक त्या बाजूने. "जोर लावनारा सोता दमतो आनि पात्याला जाळतो."

हातमोजे मात्र कधीच नाहीत. पट्टा जिथे घासतो, त्याच्या बरोबर मागे पात्यावर उघडा अंगठा. चटका बसला की पातं पाण्यात. पात्यावर एकदा निळा रंग चढला की पोलादाचं पाणी गेलं. मग धार येते, पण टिकत नाही. उतार पट्ट्यावर सपाट बसलाय का, हेही अंगठाच सांगायचा. "डोळा फसतोय वैनी. अंगठा न्हाई फसत."

आम्हाला तिथे सहा-सात वर्षं झाली असतील, तेव्हा तक्रारी यायला लागल्या. समोरच्या परमजीतने एके दिवशी सुरी माझ्यापुढे धरली. "भैणजी, अंकलजी की छुरी में अब वो बात नहीं. दो दिन में खत्म." मी विचार केला, पट्टे जुने झाले असतील. नवे आणवले. फरक पडला नाही. मग एका संध्याकाळी मी कुंपणापाशी उभी होते आणि त्यांच्या हातातलं पातं पिवळं, तपकिरी आणि मग निळं होताना पाहिलं. अंगठा त्यावर तसाच होता.

"काका, चटका बसत नाही?"

त्यांनी मोटर बंद केली. अंगठ्यावर टपोरा फोड आला होता. दुसऱ्या कुणाचा हात बघावा तसे ते बघत राहिले.

तपासणीत साखर निघाली. डॉक्टर मराठीच होते, स्पष्ट बोलले. साखर आटोक्यात ठेवता येईल, बोटांतली गेलेली जाणीव परत येईल असं धरून चालू नका.

वैशाखात पांचाळांच्या मुलीचं, मंगलचं लग्न होतं. "दुनियेच्या पोरींना दिली," ते म्हणाले. "माझ्या पोरीला बाजारातली देऊ व्हय?"

मी उपायांची यादी केली. गरम असो नसो, दर फेऱ्याला पातं पाण्यात. फेरे मोठ्याने मोजायचे. कड जरा जाड ठेवून शेवट दगडावर हाताने करायचा. त्यांनी शाळकरी पोरासारखी माझी यादी पाळली. पहिलं पातं तापलं नाही, पण उतार एकसारखा राहिला नाही, त्याला दोन तोंडं पडली. सपाट बसलंय हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं. दुसऱ्याचं टोक जळलं. तिसरं स्वच्छ दिसत होतं. त्यांनी ते पुसलं आणि माझ्या हातात दिलं. "खरं सांगा वैनी."

टोमॅटो छान कापला गेला. सुक्या खोबऱ्याची अर्धी वाटी चिरली आणि पुन्हा टोमॅटो घेतला. सुरी सालीवरून घसरली. पोलाद जळलंच होतं, निळा रंग तेवढा दगडावर पुसला गेला होता. दारात काकू उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, नका सांगू म्हणून.

"नाही काका," मी म्हटलं. "टिकणार नाही."

"बरं," ते म्हणाले. पट्टा उतरवला, घडी केली आणि आत गेले.

मी खोटं बोलायला हवं होतं का, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. बोलले असते तरी मंगलला आठवड्यात कळलंच असतं.

चार दिवसांनी ते स्वतःच म्हणाले, "चला, बाजारातली बघू." आम्ही सेक्टर सतरामध्ये गेलो. दुकानदाराने काउंटरवर सुऱ्या मांडल्या. मी मुठी बघत होते. पांचाळांनी एक उचलली आणि सवयीने पात्यावरून अंगठा फिरवला. एकदा. पुन्हा एकदा.

"बाबूजी, खून," दुकानदार म्हणाला आणि फडकं शोधायला आत धावला.

काउंटरच्या काचेवर रक्ताचे थेंब पडत होते. पांचाळांनी खाली पाहिलं, अंगठा पाहिला, आणि दुसऱ्या हाताने ती सुरी माझ्यापुढे केली.

"हिला धार हाय, वैनी. हीच घ्या."