बत्त्याने मोजलेली विहीर

मुलीची समुद्रविज्ञानाच्या जहाजावर दोन महिन्यांसाठी निवड झाली आणि नागपूरच्या आमच्या घरात मी फाटक ते स्वयंपाकघर येरझारा घालू लागलो. संध्याकाळी पाचपर्यंत तिला होकार कळवायचा होता.

"बाबा, हो म्हणा नाही तर नाही म्हणा, पण एका जागी बसा," ती म्हणाली.

समुद्र मी आयुष्यात एकदाच पाहिला, तोही सगळ्यांच्या चपला सांभाळत. पण आठवडाभर जुन्या दर्यावर्दींबद्दल वाचून मी स्वतःला तज्ज्ञ समजू लागलो होतो. ते दोराला शिशाचं वजन बांधून खोली मोजत. वजनाच्या बुडाला चरबी फासत, म्हणजे तळाची माती चिकटून वर येई. ज्या समुद्राचा तळ सापडणं एवढं कठीण तिथे पोरीने जाऊ नये, हे मला सिद्ध करायचं होतं. अंगणात विहीर होती. शिसं नव्हतं, म्हणून खलबत्त्यातला लोखंडी बत्ता घेतला. चरबीऐवजी साजूक तूप.

दोन्ही हात पसरून एकेक वाव मोजत सुती दोर सोडत गेलो. तोंडाने व्याख्यान चालूच. पंधरा वाव झाले तरी दोर जातच होता.

"बघ, नव्वद फूट. घरच्या विहिरीचा भरवसा नाही, अन् तू समुद्रात चालली."

बायको भांडी घासत होती. "अवो, उन्हाळ्यात गाळ काढला तवा माणूस चाळीस फुटावर उभा होता. तुमचा बत्ता काय पाताळात चालला?"

दोर वर ओढला. बत्त्याला चिखल होता, म्हणजे तळ कधीचाच लागला होता. वरचा पन्नास फूट दोर मी नुसताच त्याच्या डोक्यावर ओतला होता, आणि त्याचा भलामोठा गुंता झाला होता.

मुलगी हसत हसत पायरीवर बसली. "जुन्या जहाजांवरही हेच व्हायचं, बाबा. वजन टेकलं तरी दोर आपल्याच भाराने जात राहायचा. मग ते लिहायचे, इथे तळ नाही."

"मग आता काय करतात?" मी विचारलं.

"आता खोली मोजायला जहाजावरून खाली आवाज सोडतात. तळाला लागून तो परत येतो."

"नेहमी?"

"बहुतेक."

हे 'बहुतेक' मला अजिबात आवडलं नाही. पाचला दहा मिनिटं होती. ती माझ्याकडे बघत होती, आता हसत नव्हती.

"कळव, येते म्हणून," मी म्हणालो, आणि गुंता सोडवत फाटकाकडे निघालो.

"तिकडं कुठं?" मागून बायको. "बत्ता घासून द्या आधी. अन् तूप कोणतं घेतलं तेही सांगा."