हात्सुए आजींचा चढ

इवाओ उएमुरानं बेचाळीस वर्षं छपरं शाकारली. एक कौल पावणेतीन किलोचं, एका खेपेला बारा कौलं, आणि वर शिडी. वजन हातात घेतलं की ते किती भरेल हे त्याला काट्याशिवाय कळे. माणूस दमलाय की दमल्याचं सोंग करतोय, हेही कळे.

पंचाहत्तरी लागली त्या महिन्यात त्यानं गाडीचं लायसन्स आपण होऊन परत केलं. उरली सायकल. काळी, तीन गिअरची, चोवीस वर्षांची. साखळीला दर रविवारी तेल.

ओकुतानी वाडीत नऊ घरं. जपानमधल्या नारा शहराच्या दक्षिणेला जुन्या राजांची थडगी गवताच्या टेकड्या होऊन बसली आहेत, त्यांच्यामधून एक अरुंद रस्ता वर चढत जातो. त्याच रस्त्याच्या कडेनं ही घरं विखुरलेली. सगळ्यात खालचं इवाओचं. महिन्यातून दोनदा वाडीच्या सूचनांची फळी फिरते. गटार कधी उपसायचं, रानडुकरांचं कुंपण कुठं तुटलंय, असलं सगळं. प्रत्येक घरानं वाचायचं, आपल्या नावाचा शिक्का मारायचा आणि फळी शेजारी पोचवायची. पण शेजार म्हणजे इथं अर्धा किलोमीटर आणि शेजारी ऐंशीच्या पुढचे. म्हणून तीन वर्षं सगळ्या घरांना फळी इवाओच नेत होता.

ऑगस्टात मुलगी आली होती. मिहोको, ओसाकात नर्स. हात्सुए आजींच्या घराकडं जाणाऱ्या शेवटच्या चढाला बाप पाय टेकून धापा टाकतोय, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं. पुढच्याच आठवड्यात दारात बॅटरीची सायकल आली. इवाओनं तिच्यावरचं आवरणसुद्धा काढलं नाही.

सप्टेंबरात, पितरांच्या आठवड्यात, मिहोको पुन्हा आली आणि आवरण जसंच्या तसं पाहून भडकली.

"बाबा, मी ती पूजेला नाही आणली."

"मग परत ने."

"नेते की. आज आजींच्या चढाला पाय न टेकता वर जाऊन दाखवा, लगेच नेते. पण टेकला, तर तुमची काळी भंगारात."

"बघणार कोण?"

"मी. याच बॅटरीवर, तुमच्या मागून."

इवाओनं मान हलवली. ठरलं. बायको फुसाए ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. तिनं वळून आठ डबे पुढं केले.

"पितरांचा आठवडा आहे. फळी घेऊन जाताच आहात, तर घरटी ओहागी द्या."

भाताचे लाडू, वरून तांबड्या पुरणाचं जाड आवरण. इवाओनं एक डबा हातात तोलला. तीनशे ग्रॅम. आठांचे अडीच किलोसुद्धा नाहीत, आणि ते वाटेत कमीच होणार. त्यानं डबे पुढच्या करंडीत रचले.

सकाळ स्वच्छ होती. भात पिवळं पडलं होतं आणि प्रत्येक बांधावर तांबड्या लिलीची रांग लागली होती. रस्त्यावर साखळीचा आवाज तेवढा. भाड्याच्या सायकलींवरचे दोन पर्यटक थडग्याच्या टेकडीचा फोटो घेत रस्त्यात उभे होते. इवाओनं घंटी वाजवली नाही, वळसा घेतला. इवाओला इथं फोटोसारखं काही दिसत नसे, त्याचं लक्ष छपरांकडं. देवळाच्या छपराची उत्तरेची पाखी त्यानं केली होती, दक्षिणेची दुसऱ्या कुणी केली होती, आणि ते दिसत होतं.

"बाबा, पाय दुखतायत?" मागून मिहोको. तिच्या आवाजात धाप नाही, काही नाही. बॅटरी गुणगुणत होती.

"बोलू नकोस. फुकटचं बोलणं आहे ते."

पहिल्या घरी शिक्का झाला, ओहागी दिली. घरची बाई आत गेली आणि पिशवी घेऊन आली. वांगी. दीड किलो. दुसऱ्या घरी चेस्टनट. तिसऱ्या घरी कुणी नव्हतं, तरी डबा ठेवून वळेपर्यंत मागच्या वाफ्यातून हाक आली आणि आल्याची जुडी हातात पडली, मातीसकट. नाही म्हणायची सोय नव्हती. दिलेलं नाकारलं, तर आपली ओहागीही परत मागितल्यासारखं होतं. चौथ्या घरी नव्या भाताचा दोन किलो तांदूळ मिळाला.

पाचवं घर गोन्दाचं. गोन्दा भिंती लिंपायचा. तीस वर्षं दोघांनी एकाच घरावर काम केलं होतं, हा वर, तो खाली. पैजेची गोष्ट मिहोकोनं त्याला सांगितली आणि त्याचे डोळे चमकले.

"असं का? थांब लेका, तुझ्यासाठी काहीतरी आहे."

तो काखेत लाल भोपळा घेऊन आला. इवाओनं तो हातात घेतला. चार किलो दोनशे.

"गोन्दा, तुझी मती ठिकाणावर आहे ना?"

"मतीचं काय घेऊन बसलास? ओहागी खाल्ली, आता परतफेड नको? कौलं वाहायचास ना? मग वाहा."

सहाव्या, सातव्या घरून आणखी भर पडली. चढाच्या पायथ्याशी, जुन्या देवळाच्या पायाचे दगड आहेत तिथं, इवाओ थांबला. डबा उरला होता एक. बाकी सगळं मिळून अकरा किलो. तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

"तुझ्या आईनं डबे मुद्दाम दिले."

मिहोको इतकी हसली की तिलाच पाय टेकावा लागला.

"मला नका विचारू, तिला विचारा. द्या तो भोपळा इकडं, माझी करंडी रिकामीच आहे."

"ज्याला दिलं त्यानं वाहायचं."

त्यानं पुढची करंडी रिकामी केली. जड सगळं मागच्या कॅरिअरवर, खाली, चाकाच्या बरोबर वर घेतलं, भोपळा मध्ये, तांदूळ आणि वांगी दोन अंगांना, आणि दोरीनं आवळलं. गाठ दोनदा तपासली. वजन हललं की माणूस पडतो. पुढं फक्त फळी आणि शेवटचा डबा.

मग तो निघाला. चढ तीनशे पावलांचा. नागमोडी गेलं तर सोपा होतो, पण नागमोडी जाणं त्याला चढणं वाटत नसे. तो सरळ गेला. पहिला गिअर, बूड सीटवर, दोन पायडलांना एक श्वास. शंभर पावलांवर मांड्या पेटल्या. दीडशेवर राखणदाराची दगडी मूर्ती आली. ऑगस्टात तो इथंच हरला होता. मूर्ती मागं पडली.

दोनशेच्या पुढं चढ सर्वांत उभा. चाक रांगत होतं. आणि समोरून, काठी टेकत, हात्सुए आजी खाली येत होत्या. वय एक्याण्णव. फळी घेऊन माणूस येतोय, त्याला पूर्ण चढ कशाला, म्हणून त्या निम्म्यावर भेटायला निघाल्या होत्या. सायकल तीन पावलांवर आली तेव्हा त्या थांबल्या, काठी बाजूला घेतली आणि कमरेत खोल वाकल्या.

इवाओ खाली उतरला, एका हातानं सायकल सावरत टाचा जुळवून त्यांच्याहून खोल वाकला.

ताठ होताना त्याला कळलं, आपण काय केलं ते.

"टेकला," तो म्हणाला.

"बाबा, नमस्कार धरत नाहीत!"

"पाय टेकला तो टेकला."

"काय टेकलं?" आजींनी विचारलं. मिहोकोनं सगळं सांगितलं. आजी वैतागल्या.

"अगं, मग मला आधी सांगायचं नाही का? घरात बसले असते. इवाओ, तू बसूनच मान हलवायचीस."

"तुमच्यासमोर? सायकलवर बसून?"

आजींनी शिक्का मारला, डबा घेतला आणि एप्रनच्या खिशातली चार पर्सिमनची फळं त्याच्या करंडीत टाकली. "घरी जरा चहा घे," म्हणाल्या.

"तुम्ही चला पुढं. मी येतो."

त्यानं सायकल वळवली आणि ती हातानं धरून तो थेट पायथ्याला गेला. मिहोको वरून ओरडत होती, "बाबा, पैज संपली!" पैज संपली होती, तो हरलाही होता, ते त्याला मान्य होतं. पण चढ अर्धवट राहिला होता. तो पुन्हा दगडांपासून निघाला. या वेळी अकरा किलो आणि चार फळं. मूर्तीपाशी डोळ्यांपुढं काजवे चमकले. दोनशेवर चाक जवळजवळ थांबलं, तेव्हा त्यानं दात आवळून सगळं अंग उजव्या पायावर घातलं. चाक फिरलं. आजींच्या अंगणात शिरल्यावरच पाय जमिनीला लागला. मग तो पायरीवर बसला.

मिहोकोनं त्याची नाडी धरली, घड्याळात पाहिलं, आणि नर्सच्या आवाजात म्हणाली, "काळी भंगारात जाणार नाही. पण बॅटरीची मी परत नेणार नाही."

"मी हरलोय."

"एकदा हरलात, एकदा नाही. आई डबे देईल त्या दिवशी बॅटरी. नुसती फळी असेल त्या दिवशी काळी."

इवाओनं विचार केला. अकरा किलो आणि नुसती फळी यातला फरक त्याला आता मांडीत कळत होता.

"चालेल," तो म्हणाला.

घरी फुसाए दोरी सोडत होती. भोपळा उचलताना तिनं विचारलं, "टेकला का पाय?"

"टेकला."

"कुठं?"

"हात्सुए आजी समोर आल्या."

फुसाएनं भोपळा ओट्यावर ठेवला. "मग बरं झालं. नसता टेकला, तर आज घरात घेतलं नसतं."

पुढं दोन दिवस इवाओ जिना उतरताना कठडा धरत होता. तिसऱ्या दिवशी त्यानं बॅटरीच्या सायकलवरचं आवरण काढलं, तिची साखळी बोटानं चाचपली, आणि तेलाची बाटली आणायला आत गेला.