मनूचा डावा डोळा

हे आजवर माझ्या तोंडून निघालेलं नाही. नवऱ्यापाशीही नाही. आता तुम्हाला सांगायला बसले आहे, तरी बघा — आधी करवंदंच आठवतात.

कर्जतच्या पलीकडे, डोंगराखालच्या वाडीवर मी आशाताई म्हणून काम करते. तिथली सुगंधा माझी मैत्रीण. तिची मनू तेव्हा चार वर्षांची. मला पाहिलं की पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन उतारावरून धावत यायची. मागून सुगंधा ओरडायची, "ये गं, चाय टाकलाय!" त्या हाकेसाठी अजून जीव तुटतो.

एका सकाळी सुगंधाने बोलावून घेतलं. मनूला सर्दी झालेली, अंगात ताप, डावी पापणी सुजून लाल. आम्हाला शिकवलं होतं — पापणी उचलून बघा, डोळा सगळीकडे फिरतो का, फिरवताना दुखतो का, पुढे आलाय का. ताप आणि अशी सूज असेल तर त्याच दिवशी दवाखाना. मला ठाऊक नव्हतं का? सगळं ठाऊक होतं. पण गावात डोळ्यांची साथ होती, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या लेकीचा साखरपुडा. लाल डोळे घेऊन पाहुण्यांसमोर कशी जाऊ? उंबरठ्याबाहेरूनच म्हणाले, "रांजणवाडी आहे गं, शेकत राहा." आणि निघाले.

तिसऱ्या दिवशी डोळा बाहेर आला होता. पू डोळ्यामागे साचला होता. मोठ्या दवाखान्यात पोर वाचली, पण त्या डोळ्याची नजर गेली. डॉक्टरांनी विचारलं, इतका उशीर का केला? आणि मी — मी म्हणाले, "पहिल्याच दिवशी सांगितलं होतं यांना. ऐकत नाहीत हो वाडीवरचे लोक." डॉक्टरांनी लगेच मान हलवली. वाडीवरच्यांबद्दल असं म्हटलं की कोण शंका घेतं? सुगंधा माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "सांगितलं आसंल तायनी. मलाच उमगलं नाय."

मनू आता शाळेत जाते. डावीकडून हाक मारली तर अख्खी मान वळवते. करवंदं अजून आणते. सुगंधा मात्र मला अहो-जाहो करते, खुर्ची पुसून देते. मला ती खुर्ची नको आहे. ती जुनी हाक हवी आहे.

परवा वाडीतल्या एका बाळंतिणीला ती समजावत होती, "ताय सांगतील ते ऐक गं. मी नव्हतं ऐकलं." मी शेजारीच बाळाचं वजन वहीत लिहीत होते. लिहून झालं, वही मिटली, घरी आले.

तिने ऐकलं होतं. मी सांगितलं तसंच, तीन दिवस ती मनूचा डोळा शेकत होती.